बोटांतला अर्ज

२० जाने., सोम.
यवतमाळहून परत. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मनगटांत शीर दबून राह्यली. टायपिंग अर्ध्यावर आणा, नाहीतर सहा महिन्यांनी ऑपरेशनचं बोलू. अर्ध्यावर कसं आणायचं ते नाही सांगितलं. पंधरा वर्षं कोड लिहून खाते. पुण्याची कंपनी मला पांढरकवड्यात घरी बसू देते ती याच दहा बोटांच्या भरवशावर.
बसमध्ये हात मांडीवर उताणे ठेवून बसली. शेजारच्या बाईला वाटलं मी काही मागून राह्यली. सरकून बसली ती.

२२ जाने., बुध.
ठरवलं. कीबोर्डचा लेआउट बदलायचा. नव्या लेआउटमध्ये जास्त लागणारी अक्षरं सगळी मधल्या ओळीत, बोटांना वर-खाली पळावं लागत नाही. कंस, अर्धविराम, सगळं हाताशी. ज्यांनी बदललं ते लिहितात की पहिला महिना आंधळ्यासारखा जातो, मग दुखणं जातं.
जुना स्पीड मिनिटाला ८०. नवा ६. एक साधं फंक्शन लिहायला पाऊण तास.
बापू दारातून पाहून राह्यला होता. म्हणे, "काय वं, लिहिनं भुलली का?"
म्हटलं, "हो. मुद्दाम."
बापूला लिहिता-वाचता येत नाही. आधी ट्रकवर होता, आता तांड्यातलं वावर पाहतो. घरात आम्ही बाप-लेक दोघंच. त्याला काय समजावू.
याडी (आम्हा बंजाऱ्यांत आईला म्हणतात) असती तर तिला समजलं असतं. तहसीलसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. मी पाचची असताना तापानं गेली. तिचा चेहरा फोटोतलाच माहीत. आवाज म्हणाल तर मशीनची खटखट.

२७ जाने., सोम.
स्पीड १४. कॉपी करायला जाते, फाइल बंद होते. पासवर्ड तीनदा चुकला, खातं लॉक.
मीटिंगमध्ये नीरज (टीम लीड) म्हणाला, "तुझे मेसेज असे तुटक का येतायत?" खरं सांगितलं. म्हणाला, फेब्रुवारीअखेर रिलीज आहे, तोवर जमव, नाहीतर जुन्यावर परत ये. चांगला माणूस आहे. पण अखेर म्हणजे अखेर.

३० जाने., गुरु.
आज एक विचित्र झालं. दुपारी सरावाची फाइल उघडी. पुढचं वाक्य वाचत होती, हात नुसते कीबोर्डवर टेकवलेले. वर पाहते तर दीड ओळ अक्षरं. शब्द नाहीत, नुसता कचरा. मी टाइप केल्याचं आठवत नाही.
पुसून टाकलं.
त्यानंतर तासभर मनगट दुखलं नाही.

१ फेब्रु., शनि.
परत. या वेळी पुसलं नाही. परवाची ओळ ऑटोसेव्हच्या जुन्या प्रतीतून काढली, दोन्ही फाइली शेजारी लावून कॉम्प्युटरलाच तुलना करायला सांगितली.
फरक : शून्य. अक्षर न् अक्षर तेच. चुकून दाबलेल्या बटणांचं असं होत नाही.

४ फेब्रु., मंगळ.
कधी होतं ते कळलं. जुना लेआउट बोटांतून सुटलेला असतो, नवा अजून आलेला नसतो, त्या मधल्या क्षणाला. जोर देऊन आठवायला गेलं की होत नाही. सोडून दिलं की होतं.
मोबाइल पुस्तकांवर टेकवून हातांचा व्हिडिओ काढला. चार मिनिटं बत्तीस सेकंद. मला त्यातलं अर्धं मिनिट आठवतं.
व्हिडिओतले हात माझेच. अंगठी माझी, नखाला लागलेली हळद सकाळच्या भाजीची. पण चाल माझी नाही. डावी करंगळी आत दुमडलेली आहे आणि तिचं काम शेजारचं बोट करतं. मी कधी करंगळी दुमडत नाही. आणि जोर केवढा. लॅपटॉपच्या बटणांना इतका जोर लागतच नाही.
दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहवला नाही.

७ फेब्रु., शुक्र.
बापूचा सातबारा काढायला तहसीलला. बाहेर गुलाबराव टायपिस्टकडे अर्ज द्यायला बसली. सत्तरीच्या पुढचे. आता कॉम्प्युटर-प्रिंटरवर काम करतात, पण झाड तेच. माझ्या आधी चार जण नंबरात. मी टेबलावर हात ठेवून वाट पाहून राह्यली होती.
गुलाबराव टाइप करता करता थांबले. माझ्या हातांकडे पाहून राह्यले. समोरच्या माणसाला म्हणाले, पाच मिनिटं थांब भाऊ.
मग मला : "हे कोनं शिकवलं तुले?"
म्हटलं, काय?
"टाइपरायटर. मराठी. बोटं चालून राह्यली तुही."
खाली पाहिलं. लाकडी टेबलावर, कीबोर्ड नाही काही नाही, बोटं चालत होती.
"थांबवू नको," म्हणाले, आणि एकेक बोट पाहत हळूहळू वाचलं. नऊ वर्षं याडीच्या शेजारी टेबल होतं त्यांचं. तिचे हात त्यांना पाठ.
त्यांनी वाचलं ते असं : मा. ठाणेदार साहेब यांस. अर्जदार कमला, राहणार पांढरकवडा, विनंतीपूर्वक अर्ज करते की, अर्जदारास दोन मुली आहेत.
कमला याडीचं नाव.
दोन मुली. मी एकटीच आहे.
"करंगळी पाहा," गुलाबराव म्हणाले. "वाकत नव्हती तिची. लहानपणी मोडली होती. ती पण अशीच शेजारच्या बोटानं मारे."
सातबारा राहून गेला.

८ फेब्रु., शनि.
बापूला काही सांगितलं नाही. दिवसभर त्याच्याकडे पाठ करून काम केलं. स्पीड २३.

११ फेब्रु., मंगळ.
दुपारी गुलाबरावांच्या घरी. बारदान्याखालून जुनं मशीन काढलं त्यांनी. रिबन वाळून गेलेली, म्हणून दोन कागदांत कार्बन घातला. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला आणि आत निघून गेली. खोलीत थांबली नाही.
मी आयुष्यात टाइपरायटरला हात लावलेला नाही. बटणांवर काय लिहिलंय ते पाहिलंच नाही, खिडकीतून बाहेर पाहत राह्यली. हात आपोआप बसले. कागद संपल्यावरच थांबले.
कार्बनखालचा कागद गुलाबरावांनी वाचला. पहिल्या ओळी त्याच. पुढे : धाकटी मुलगी, वय चौदा महिने, अर्जदार कामावर असताना अर्जदारास न विचारता पाळण्यातून उचलून नेण्यात आली. सदर मुलगी परत मिळावी.
चष्मा काढून बसले. मग म्हणाले, "हा अर्ज मी पाह्यला आहे, बाई. सात वेळा टाइप केला तिनं. सात वेळा फाडला. नेणाऱ्याचं नाव टाकावं लागे ना. तिथंच येऊन अडे."
"तुम्ही मले कधी सांगतलं नाही."
"तुह्या बापानं सांगाले पाह्यजे होतं."
मग एक गोष्ट सांगितली, ती ऐकून जरा धीर आला. त्या दिवसांत मी याडीच्या मांडीवर बसायची. माझे हात तिच्या हातांवर. ती टाइप करायची, माझी बोटं तिच्या बोटांवर वर-खाली व्हायची. सातही वेळा.
म्हणजे हातांत राहून गेलं. डोक्यात नाही राह्यलं, हातांत राह्यलं. वरचं जुनं टायपिंग खरवडलं तर खालचं निघालं. असं होत असेल. असंच असेल.
येताना मराठी मशीनच्या कोणत्या बटणावर कोणतं अक्षर, त्याचा तक्ता मागून आणला. भिंतीला लावला.

१४ फेब्रु., शुक्र.
आता माझं मला वाचता येतं, तक्ता पाहून. बटणांच्या जागा टिपायचा एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो मराठी करून देतो. आज नवी ओळ आली.
थोरल्या मुलीचे मनगट दुखते. तिला काम सोडता येत नाही.
प्रोग्राम चुकला असेल म्हणून हातानं लावून पाहिलं. तेच.
गुलाबरावांना फोन केला. ओळ वाचून दाखवली. मग म्हणाले, "हे त्या अर्जात नव्हतं."
थोरली मी. तेव्हा पाच वर्षांची होती. कसलं काम, कसलं मनगट.
मीच लिहीत असेन. दुसरं कोण लिहिणार. माझ्याच डोक्यातलं त्याच चालीत उतरत असेल. लॅपटॉप बंद करून अंगणात येऊन बसली. ऊन होतं तरी हात गार.

१६ फेब्रु., रवि.
बापूला विचारलं. जेवण झालं होतं, सुपारी कातरत बसला होता.
म्हटलं, "बापू, मले बहीण होती का?"
अडकित्ता थांबला.
"कोनं सांगतलं तुले?"
"याडीनं."
मला असं म्हणायचं नव्हतं. निघून गेलं. बापूनं माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या मागं दाराकडे पाहिलं.
मग सांगितलं. त्याची थोरली बहीण आदिलाबादकडे दिली होती, तिला मूल नव्हतं. नवरा तिला सोडायला निघाला होता. बापूनं तिला धाकटी द्यायचा शब्द दिला. याडी कामावर गेली तेव्हा बहीण येऊन धाकटीला घेऊन गेली. "मी म्हटलं, दोन दिवस रडन, मग इसरन. आपल्यातच तर देऊन राह्यलो. परक्याले थोडीच."
याडी रडली नाही म्हणे.  महिनाभर कामावर गेली, मला घेऊन. मग एका सकाळी मला शेजारणीकडे ठेवलं आणि आदिलाबादच्या बसमध्ये बसली. बहिणीकडे पोचलीच नाही. बापू ट्रक घेऊन त्या रस्त्यानं चार महिने फिरला. प्रत्येक ढाब्यावर विचारलं.
"मग ताप?"
"लोकायले काय सांगू मी? तुले काय सांगू? ताप म्हनलं. मंग तेच धरून राह्यलो."
"म्हणजे ती मेली नाही."
"मले माहीत नाही वं. तीस वर्षं झाले. मले खरंच माहीत नाही."
म्हातारा झालाय. मान हलत होती त्याची. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. उठून भांडी घासली. मनगट दुखत होतं तरी सगळी घासली.

१७ फेब्रु., सोम.
 चहा बापूनं ठेवला. मी प्यायली.

२१ फेब्रु., शुक्र.
स्पीड ३८. नीरज खूश. दुखणं निम्म्यावर. आज विचार न करता अख्खा लूप लिहिला, कंसासकट.
पण ओळी कमी झाल्या. आधी रोज यायच्या, आता तीन दिवसांत एक. कारण कळतं. मधली जागा बुजत चालली. नवा लेआउट बोटांत बसून राह्यला, तिला यायला वाट उरली नाही. मी बरी होऊन राह्यली आणि ती जाऊन राह्यली.
हे कोणाला सांगू?

२४ फेब्रु., सोम.
आज आली. नवी ओळ, तीनच शब्द.
अर्जदार हल्ली मुक्काम
आणि थांबली. पुढे गावाचं नाव पाहिजे. दोन तास बसली. हात नुसते टेकवलेले. काही नाही.

२६ फेब्रु., बुध.
परत तेवढंच. अर्जदार हल्ली मुक्काम. परत थांबली.
गुलाबराव म्हणाले, सातही अर्जांत असं काही नव्हतं. तेव्हा ती इथंच राहत होती, 'हल्ली' कायले लिहिन?

२८ फेब्रु., शुक्र.
रिलीज झाला. नीरजनं ग्रुपवर माझं नाव घेऊन कौतुक केलं. स्पीड ५२. मनगट दुखत नाही. डॉक्टरच्या ऑपरेशनचं काम पडणार नाही.
ओळ आली नाही.
मुद्दाम जुन्या लेआउटवर गेली, तासभर. काही नाही. मग तिसराच एक लेआउट लावला, ज्याचं मला काही म्हणजे काही येत नाही. हात सोडून दिले. आला तो खरा कचरा.
तक्ता भिंतीवर आहे. काढवत नाही.

३ मार्च, सोम.
गुलाबरावांच्या मशीनवर बसली. त्यांची बायको आज आत गेली नाही, माझ्याजवळ बसली, पाठीवर हात ठेवला. काही आलं नाही. "राहू दे आता," म्हणाली. "लेकराच्या हाताले किती त्रास देईन ते."
कोण त्रास देतं, ते विचारलं नाही.

५ मार्च, बुध.
बापू सकाळीच तांड्यात गेला होता, वावरात म्हणून. तिन्हीसांजेच्या आत आला. खिशातून कागद काढून माझ्या कीबोर्डवर ठेवला. कोणाच्या तरी अक्षरात एक मोबाइल नंबर. आत्या आठ-दहा वर्षांमागे वारली म्हणे. पोरगी तिकडेच आहे, लग्न झालं, दोन लेकरं. नाव लक्ष्मी. तांड्यातल्या एकाची सोयरीक त्या गावात आहे. हे सगळं तो चार घरी बसून विचारून आला. तीस वर्षं ज्या घरांत ताप सांगितला, त्याच घरांत.
"काय सांगतलं त्यायले?" मी विचारलं.
"जे होतं ते."
कागदावर त्याच्या घामाचा डाग होता.

७ मार्च, शुक्र.
दुपारी फोन केला. बापू अंगणात बसला होता, खाटेवर, पाठ करून.
तिनं उचलला. तेलुगूत काही म्हणाली. मी आमच्या गोरबोलीत (बंजारा बोलीत) नाव सांगितलं, बापूचं सांगितलं. ती लगेच गोरबोलीवर आली. आवाज जाडसर. मी समजली होती रडेल, भांडेल. तसं काही नाही. तिला माहीत होतं की ती आणलेली आहे. आत्यानं मरायच्या आधी सांगितलं होतं, गाव नव्हतं सांगितलं. म्हणाली, "तू थोरली ना." म्हटलं, हो.
मग इकडचं तिकडचं. लेकरं काय करतात, तिकडे कापूस कसा झाला, असलं.
ठेवायच्या आधी ती म्हणाली, एक विचारू? तुम्ही कागद पाठवता का?
म्हटलं, कसला कागद?
दरवर्षी संक्रांत झाली की पोस्टानं एक पाकीट येतं. आत एकच कागद, मशीननं छापलेला. मराठीत असावा. त्यांच्या घरात मराठी कोणाला वाचता येत नाही. आत्या ते जपून ठेवायची, कोणाला दाखवायची नाही. आत्या गेल्यावर पेटी हिच्याकडे आली. हिला वाटलं जमिनीचं काही असेल. फेकायची भीती, म्हणून ठेवले.
"किती आहेत?"
"मोजले नाहीत. जाड गठ्ठा आहे."
"शेवटचा कधी आला?"
"आत्ताच की. मागल्या महिन्यात."
म्हटलं, फोटो पाठव. म्हणाली पेटी माळ्यावर आहे, नवरा आला की काढायला लावते.
बापूनं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दोघंही जेवलो नाही नीट.

९ मार्च, रवि.
साडेअकराला फोटो आले. तीन. नेट हळू, वरून खाली उतरत गेले.
पहिला, मागल्या महिन्यातलं पाकीट. पत्ता तेलुगूत, कोणाकडून तरी लिहून घेतल्यासारखा, मोठ्या अक्षरात. पाठवणाऱ्याचं नाव नाही. पोस्टाचा शिक्का अर्धा उमटलेला.
दुसरा, कागद. तक्ता लागला नाही, सरळ मराठी छापलेलं. मा. ठाणेदार साहेब यांस. अर्जदार कमला. दोन मुली. चौदा महिने. सगळं तेच, शब्द न् शब्द. काही ओळी कागद फाटेल इतक्या जोरानं मारलेल्या. नेणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी.
खाली शेवटची ओळ : अर्जदार हल्ली मुक्काम पांढरकवडा.
तिसरा फोटो तिनं शिक्क्याचा जवळून काढला होता. वाकडा करून पाहिला, मोठा करून पाहिला. पहिली तीन अक्षरं नीट आहेत. आमचंच पोस्ट.
किती वेळ बसली माहीत नाही. बाहेर हायवेच्या गाड्यांचा आवाज, गल्लीत कोणी पापड वाळत घालून राह्यलं होतं. वीस-तीस हजारांचं गाव. बाजारात, पोस्टात, बसस्टँडवर किती म्हाताऱ्या रोज दिसतात. कोणाकडे मी कधी नीट पाहिलंय?
गुलाबरावांचा नंबर काढला. लावला नाही. याडीच्या अर्जाचे शब्द या गावात अजून एकाला पाठ आहेत, हेही मनात आलं. पण त्या मशीनची रिबन वाळलेली मी स्वतः पाहिली. आणि त्यांनी कायले करावं असं, तीस वर्षं?
बापू आत आला. माझ्या तोंडाकडे पाहून उंबऱ्यातच थांबला.
"काय पाठवलं तिनं?"
वाचून दाखवलं. सगळं. मोकळ्या जागेपाशी थांबली, मग पुढे वाचलं.
शेवटची ओळ ऐकून म्हणे, "परत वाच."
परत वाचली.
 पुढच्या दाराला दुपारी आम्ही कडी लावतो, कुत्री शिरतात म्हणून. त्यानं जाऊन ती काढली. दार पूर्ण उघडलं, दोन्ही फळ्या. गल्लीत ऊन, कोणी नव्हतं. परत लावलं नाही. दारासमोर खाट ओढून घेतली आणि बसला.
चार वाजले. अजून तिथंच बसून आहे.